जुन्या मोटारसायकलला स्पोकची चाकं की सलग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार खोलात न जाता सांगा, कुठली बसवू?

गाडी कारखान्यातून ज्या प्रकारच्या चाकांवर निघाली, तीच ठेवा. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा), ब्रेक आणि टायरचं माप त्या चाकांना धरूनच ठरवलेलं असतं. मात्र समोरचं चाक पन्नास वर्षं जुनं असेल, तर "स्पोक की अ‍ॅलॉय" यापेक्षा "या चाकाची आजची अवस्था काय" हा प्रश्न मोठा ठरतो. स्पोकचं चाक सुटं करता येतं, तपासता येतं आणि नवे भाग घालून पुन्हा बांधता येतं. ओतीव चाक थकलं की थकलं, त्याला पुन्हा तरुण करण्याचा उपाय नाही. खालची बरीचशी उत्तरं या एका फरकातूनच येतात.

सलग चाक म्हणजे नक्की कुठलं? अ‍ॅलॉय, मॅग, डिस्क ही सगळी एकच का?

नाही. बोलताना सगळ्यांना एकाच माळेत ओवतात, पण त्यांची बनावट आणि दुखणी वेगवेगळी आहेत.

पहिला प्रकार पत्र्याच्या चाकांचा. पोलादी पत्रा दाबून केलेले दोन भाग बोल्टने जोडायचे, मध्ये ट्यूब. १९४६ च्या पहिल्या व्हेस्पापासून स्कूटरवर हेच चाललं. चाक लहान असल्यामुळे ते स्कूटरला शोभतं आणि पुरतं.

दुसरा प्रकार ओतीव चाकांचा, ज्यांना आपण सरसकट अ‍ॅलॉय म्हणतो. ही १९७० च्या दशकाची देणगी असं मानलं जातं आणि मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनापुरतं ते खरंही आहे. पण चेकोस्लोव्हाकियातली ब्योमरलँड ही लांबलचक गाडी १९२० च्या दशकातच ओतीव हलक्या धातूच्या चाकांवर धावत होती. पुढे १९७६ च्या सुमाराला यामाहा आरडी४०० आणि मोटो गुझ्झी ल मान्स यांवर ओतीव चाकं आली, बीएमडब्ल्यूने 'स्नोफ्लेक' नावाने ओळखली जाणारी चाकं दिली, आणि १९७९ च्या ट्रायम्फ टी१४०डी बॉनव्हिलवर लेस्टर कंपनीची चाकं कारखान्यातूनच बसून आली. यातली बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. खरी मॅग्नेशियमची चाकं मुख्यतः शर्यतीसाठी होती, पण लोक अ‍ॅल्युमिनियमच्या चाकालाही बिनदिक्कत 'मॅग' म्हणतात. विकत घेताना हा घोळ महागात पडतो, त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला: होंडाचं कॉमस्टार. १९७७ च्या सीबी७५०एफ२ वर ते दिसलं. अ‍ॅल्युमिनियमची रिम (टायर बसतो तो बाहेरचा गोल), तिला रिव्हेटने जोडलेले दाबीव पट्ट्यांचे आरे, आणि मधोमध हब (अ‍ॅक्सलवर फिरणारा गाभा). लांबून ते ओतीव वाटतं, पण आहे जोडकामाचं. ते खोलून पुन्हा जुळवू नका, अशी कंपनीचीच सूचना आहे.

आणि अगदी बिनआऱ्यांची, भरीव थाळीसारखी चाकं म्हणाल तर १९९० ची हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. ती देखणी आहेत, पण वजनदार.

माझ्या गाडीवर मुळात कुठली चाकं होती हे कसं कळणार? आधीच्या मालकाने काय काय बदललंय कोण जाणे.

सुट्या भागांचं छापील पुस्तक, म्हणजे पार्ट्स कॅटलॉग, त्या सालाचं आणि त्या मॉडेलचं शोधा. आधी चॅसी नंबरवरून साल पक्कं करा आणि मगच चित्रं बघा. एकाच मॉडेलला एका साली स्पोक आणि पुढच्या साली अ‍ॅलॉय असं सर्रास झालंय. काही कंपन्यांनी तर एकाच वर्षी दोन्ही पर्याय ठेवले होते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून निष्कर्ष काढू नका.

रिमवरचे ठसेही बरंच सांगतात. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या रिमवर 'डब्ल्यूएम२-१९' असं काहीतरी ठोकलेलं असतं. डब्ल्यूएम१ म्हणजे १.६० इंच रुंदी, डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ आणि डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५ इंच. पुढचा आकडा व्यासाचा. जपानी ओतीव चाकावर मापाबरोबर 'जेडब्ल्यूएल' ही खूण असते. ती जपानच्या हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या मानकाची खूण आहे. ओतीव चाकावर माप, बनवणाऱ्याचं नाव, तारीख असं काहीच नसेल, तर मला ते चाक रस्त्यावर नको.

इतक्या बारीक तारांवर एवढं वजन पेलतं कसं?

बैलगाडीच्या चाकात खालचा लाकडी आरा दाबला जातो आणि वजन उचलतो. तारेचा स्पोक दाबला तर वाकेल, म्हणून तिथे उलटा मार्ग घेतलेला असतो: सगळे स्पोक आधीच ताणून ठेवायचे. वजन पडलं की खालच्या काही स्पोकांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या उडत्या यंत्रासाठी अशा ताणलेल्या चाकाची कल्पना मांडली. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी स्पोक हबमधून सरळ न काढता तिरपे, एकमेकांना छेदत नेले. हे तिरपेपण शोभेचं नाही. ब्रेक दाबल्यावर किंवा चेनने ओढल्यावर हबला बसणारा पीळ रिमपर्यंत पोचवायचं काम तेच करतं.

ताशी १०० किलोमीटरला १८ इंची चाक सेकंदाला तेरा-चौदा फेरे मारतं. म्हणजे प्रत्येक स्पोक सेकंदाला तेरा-चौदा वेळा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. मुळात नीट ताणलेला असेल, तर ही वर-खाली त्याला झेपते. ढिला असेल तर तो प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सुटतो आणि झटक्याने ओढला जातो. मग हबच्या भोकात जिथे त्याची मान वाकलेली असते, तिथे तो तुटतो. एक तुटला की शेजाऱ्यांवर भार येतो आणि तेही त्याच वाटेने जातात. "काल एकच तुटला होता" असं म्हणत आठवडाभर गाडी चालवू नये, ते याचमुळे.

मजबूत कुठलं?

कशासमोर मजबूत, ते आधी ठरवायला हवं. खड्ड्यात जोरात आपटलं तर स्पोकच्या चाकाची रिम चेपते, चाक आउट होतं, म्हणजे फिरताना डुलतं, पण बहुधा घरापर्यंत येता येतं. ओतीव चाक त्याच आपटीत जास्त काळ जसंच्या तसं राहतं. त्याची मर्यादा ओलांडली की मात्र ते वाकण्याऐवजी तडकू शकतं. वळणावरच्या बाजूच्या जोराला ओतीव चाक जास्त ताठ उभं राहतं. रुंद टायर आणि जोरकस डिस्क ब्रेक आल्यावर कारखाने तिकडे वळले त्यात हा ताठपणा होता, ट्यूबलेस टायरची सोय होती, आणि हाताने चाकं बांधणाऱ्या कारागिरांचा खर्चही वाचत होता.

खराब रस्त्यावर, डोंगरात, कच्च्या वाटेवर गाडी नेणार असाल, तर स्पोक. यावर फार वाद नाही.

अ‍ॅलॉय चाकं हलकी असतात ना?

हा गैरसमज आजच्या गाड्यांवरून आलाय. १९७० च्या दशकातली ओतीव चाकं बऱ्यापैकी जड होती. त्या काळच्या ओतकामावर भरवसा ठेवायचा म्हणजे धातू सढळ हाताने घालावा लागे. अ‍ॅल्युमिनियमची रिम असलेलं स्पोकचं चाक त्यांच्यापेक्षा बरेचदा हलकं भरतं. पोलादी क्रोमची रिम असेल तर फरक कमी होतो.

वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. रिमवरचं वजन गाडीबरोबर पुढेही जातं आणि फिरतंही. गाडीचा वेग वाढवताना रिमच्या कडेवरचा एक किलो साधारण दोन किलोंसारखा वागतो. म्हणून हबमध्ये शे-दोनशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा पोलादी रिमच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची रिम घातली, तर हँडलला फरक जाणवतो. शंका असेल तर दोन्ही चाकं टायर काढून वजनकाट्यावर ठेवा, जाहिरातीत काय लिहिलंय ते बाजूला राहू द्या.

जुनं ओतीव चाक घेतोय. काय तपासू?

हे उत्तर लांब आहे, कारण इथे चुकलं तर गाडी जागेवर थांबत नाही, माणूस पडतो.

चाक टायर काढूनच बघा. टायर चढवलेलं, नुकतंच रंगवलेलं, चकचकीत चाक पाहून खूश होऊ नका. जाड ताजा रंग ही मला शिफारस वाटत नाही, उलट प्रश्न पडतो की खाली काय झाकलंय. विक्रेता टायर काढू देत नसेल, तर सौदा सोडा.

आधी कडा. रिमचा ओठ बोटाने पूर्ण फिरून चाचपा. कुठे सपाट झालाय, कुठे आत दबलाय ते डोळ्याआधी बोटाला कळतं. जुन्या टायर-लिव्हरच्या खाचा असतील तर त्या किती खोल आहेत ते बघा. मग आरा जिथे रिमला मिळतो ती जागा, आरा जिथे हबला मिळतो ती जागा, व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीची जागा, डिस्क ब्रेकच्या बोल्टांची भोकं आणि बेअरिंगची बैठक. तडे इथेच सुरू होतात. बेअरिंग हाताने सहज आत-बाहेर होत असेल, तर बैठक झिजलीय. तिथे चिकट द्रव ओतून वेळ मारून नेण्याचे सल्ले पुष्कळ मिळतात. चाकाच्या बाबतीत ते ऐकू नका.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेसाठी रंगद्रव्याची तपासणी करता येते आणि ती घरीही जमते. त्या जागेचा रंग उतरवा, तेलाचा अंश राहणार नाही असं धुवा. लाल भेदक द्रव फवारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, साधारण दहा-पंधरा मिनिटं. मग कपड्याने पुसून घ्या. द्रव चिरेत असेल तर तिथेच राहतो. आता वरून पांढरा डेव्हलपर मारा. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा होतो आणि चीर असेल तर काही वेळात त्यात केसासारखी लाल रेघ उमटते. सरळ, न पुसली जाणारी रेघ दिसली की ते चाक भिंतीवरच्या घड्याळापुरतं उरलं. नुसते लाल ठिपके दिसले तर ते ओतकामातली छिद्रं असू शकतात, ते जाणकाराला दाखवा.

ही तपासणी वाळू किंवा काचमण्यांच्या माऱ्याच्या आधी करायची. त्या माऱ्याने पृष्ठभाग ठोकला जातो, चिरेचं तोंड मिटतं आणि लाल रंग आत शिरतच नाही.

वाकलेलं ओतीव चाक तापवून सरळ करून देणारे आहेत, वेल्डिंग करून देणारेही आहेत. रिमच्या ओठाला जरासा दाब बसला असेल तर त्यावर मतभेद होऊ शकतात. आऱ्याला किंवा हबजवळ वेल्डिंग केलेलं चाक मी फुकट दिलं तरी घेणार नाही.

मॅग्नेशियमच्या चाकाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते पाण्याने, मिठाने आणि पोलादी बेअरिंगच्या संगतीने आतून खाल्लं जातं. रंग फुगलाय, खाली पांढरी भुकटी आहे, असं दिसलं की समजावं. शर्यतीसाठी बनवलेल्या चाकाचं आयुष्य मुळातच हिशेबाने मोजलेलं असतं. जुनं शर्यतीचं मॅग्नेशियम चाक संग्रहात ठेवा, पण रोजच्या रस्त्यावर आणू नका.

आणि स्पोकचं जुनं चाक?

इथे काळजी कमी आणि काम जास्त. चाक उचलून हळूहळू फिरवा आणि लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारा. तंबोरा जुळवणाऱ्याला जसं लगेच कळतं, तसं तुम्हालाही कळेल: ताणलेला स्पोक खणखणीत बोलतो, ढिला बद्द वाजतो. सगळ्यांचा सूर एकच लागेल असं नाही, कारण हबच्या दोन बाजूंच्या स्पोकांची लांबी वेगळी असू शकते. एकाच बाजूचे मात्र जवळपास सारखे बोलायला हवेत.

मग टायर आणि रिमटेप काढून रिम आतून बघा. पोलादी रिम बाहेरून क्रोमची झळाळत असते आणि आतून टेपखाली गंजून पापुद्रे निघत असतात. निपलच्या, म्हणजे स्पोकचं टोक रिमला धरणाऱ्या लहान नटच्या, भोकांभोवती गंजाने धातू पातळ झाला असेल, तर रिम गेली. वाईट वाटून घेऊ नका, हब चांगलं असेल तर चाक वाचलंच आहे. हबची स्पोकची भोकं लांबट झालीत का आणि ब्रेक ड्रममध्ये खोल चर पडलेत का, तेवढं बघा. या चाकात जपायचा भाग हब आहे. बाकी सगळं बदलता येतं.

चाक पुन्हा बांधून घ्यायचंय. माझ्याकडून काय चुकू शकतं?

सगळ्यात मोठी चूक जुने स्पोक घाईने कटरने कापून टाकण्याची. त्याआधी ऑफसेट, म्हणजे रिम हबच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते, मोजा. ब्रेक ड्रमच्या किंवा हबच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. रिम हबच्या बरोबर मध्यावर असतेच असं नाही. ब्रेक एका बाजूला, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दुसऱ्या बाजूला, म्हणून बऱ्याच गाड्यांत ती मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते. हे माप हरवलं तर चाक सुंदर गोल बांधून होईल, पण पुढचं-मागचं एका रेषेत येणार नाही आणि गाडी सरळ रस्त्यावरही ओढत राहील.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुठला स्पोक कुणाच्या वरून जातो आणि व्हॉल्व्हचं भोक कुठल्या दोघांमध्ये येतं, हे दिसलं पाहिजे. हबच्या आतून आणि बाहेरून घातल्या जाणाऱ्या स्पोकांच्या मानेचा कोन वेगळा असतो, म्हणून काढलेले स्पोक चार वेगळ्या जुड्यांत बांधून ठेवा. नवीन मागवताना प्रत्येक जुडीतला एक नमुना सोबत द्या.

रिमबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. व्यास, रुंदी आणि भोकांची संख्या, मग ती ३६ असो की ४०, जुळली म्हणजे रिम जुळली असं नाही. भोकं विशिष्ट कोनात पाडलेली असतात आणि तो कोन हबच्या आकारावर ठरतो. मोठ्या ड्रमच्या हबसाठीची रिम लहान हबला लावली, तर स्पोक निपलमधून बाहेर पडतानाच वाकतो आणि तिथेच पुढे तुटतो. म्हणून रिम घेताना हबचं पूर्ण नाव-गाव सांगा.

आउट काढताना क्रम पाळा. आधी सगळे निपल सारख्या आट्यांवर आणायचे, मग रिमचा उंच-सखलपणा आणि त्यानंतर डावं-उजवं. फोर्कला बांधलेली एक ताठ तारही दर्शक म्हणून पुरते. रिम जिथे उंच जाते तिथले दोन्ही बाजूंचे स्पोक थोडे आवळायचे. रिम जिकडे कलते तिकडचे थोडे सैल करून समोरच्या बाजूचे तेवढेच आवळायचे. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. कित्येक जपानी वर्कशॉप मॅन्युअलांत २ मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो असं लिहिलंय. ती झिजलेल्या चाकाची शेवटची मर्यादा आहे. नव्याने बांधलेलं चाक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. शेवटी निपलबाहेर डोकावणारी स्पोकची टोकं घासून सपाट करा, नाहीतर पंक्चर कशाने होतंय याचा शोध घेत बसाल. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टिचकी मारून सगळे स्पोक तपासा. नवे स्पोक बसतात, ताण उतरतो.

स्पोक स्टेनलेसचे घ्यावेत का? रिम अ‍ॅल्युमिनियमची?

स्टेनलेसचे स्पोक दिसायला छान आणि गंजाला दाद न देणारे असतात, पण स्टेनलेसच्या स्पोकवर स्टेनलेसचंच निपल घातलं तर आटे एकमेकांत चावून जाम होतात. पितळी, वरून निकेल चढवलेलं निपल घ्या आणि आट्यांना जाम न होऊ देणारं ग्रीस लावा. कारखान्याचाच मंद करडा रंग हवा असेल तर झिंक चढवलेले पोलादी स्पोक. क्रोम केलेल्या स्पोकच्या मोहात पडू नका: क्रोम चढवताना धातूत हायड्रोजन शिरू शकतो आणि ताणाखालचा स्पोक ठिसूळ होऊ शकतो.

स्पोकची जाडी मूळ मापाचीच. ब्रिटिश गाड्यांच्या यादीत गेज दिलेला असतो: ८ गेज म्हणजे सुमारे ४.०६ मिलिमीटर, १० गेज म्हणजे ३.२५. आकडा वाढतो तशी तार बारीक होते, इथे मागवताना गडबड होते.

अ‍ॅल्युमिनियमच्या रिमने वजन कमी होतं. बोरानी, आक्रोंत या कंपन्यांच्या रिम त्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांवर असत, त्यामुळे क्रीडा प्रकारच्या गाडीवर त्या परक्या वाटत नाहीत. साध्या, कामाच्या गाडीवर मात्र क्रोमची किंवा रंगवलेली पोलादी रिमच खरी.

अ‍ॅलॉय आहे म्हणजे ट्यूबलेस चालेल?

नाही! १९७० च्या दशकातली कित्येक ओतीव चाकं ट्यूबसाठीच बनली होती. टायर सपाट झाल्यावर त्याची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरू नये म्हणून ट्यूबलेस रिमला आतून एक उंचवटा असतो. जुन्या रिमला तो नाही. होंडा सीएक्स५०० ही कारखान्यातून ट्यूबलेस टायर घेऊन आलेल्या पहिल्या काही गाड्यांपैकी एक, आणि ती १९७८ ची. चाकावरच ट्यूबलेस चालेल असं कोरलेलं असेल तरच चालवा. कोरलेलं नसेल तर ट्यूब घाला, आणि प्रत्येक नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी.

स्पोकची रिम आतून सील करून ट्यूबलेस केली तर?

करणारे आहेत. हवा धरूनही राहते. पण तो उंचवटा नसेल तर हवा गेल्यावर टायर रिम सोडू शकतो, आणि नेमकं तेच टाळायला आपण ट्यूबलेस करत होतो. शिवाय सील केल्यावर निपल आवळणं म्हणजे सील फोडणं. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर१००जीएसवर स्पोक रिमच्या कडेला नेऊन बसवले आणि हवेची जागा भोकांपासून वेगळी ठेवली. खरा तोडगा तो. तो जुन्या रिमला घरी करता येत नाही.

स्पोकच्या गाडीला अ‍ॅलॉय बसवायचीच आहेत. कितपत अवघड?

चाक आत बसणं सोपं, बाकीचं सगळं अवघड. अ‍ॅक्सलची जाडी, बेअरिंगचं माप, दोन्ही बाजूंचे स्पेसर, स्पीडोमीटरचा गिअर, ब्रेकचा प्रकार, ब्रेक प्लेटला धरणारा दांडा, स्प्रॉकेटमागचे रबर, चेनची रेषा, स्विंगआर्मपासून टायरचं अंतर, हे सगळं एकेक करून जुळवावं लागतं. मूळ गाडीला ड्रम ब्रेक असेल तर पुढचा फोर्कही बदलावा लागतो, मग मास्टर सिलिंडर, मग हँडलवरची जागा. त्या गाडीच्या नंतरच्या सालच्या मॉडेलला कंपनीनेच अ‍ॅलॉय दिली असतील, तर त्या मॉडेलचा फोर्कपासून ब्रेकपर्यंतचा पूर्ण संच घ्या. दुसऱ्या कंपनीचं चाक फक्त आवडलं म्हणून उचललं, तर तुमचा खरा खर्च लेथवाल्याकडे होणार आहे.

नव्या गाडीची रुंद १७ इंची चाकं जुन्या १९ इंची गाडीला घालणं हा तर वेगळाच उद्योग. पुढचं चाक लहान झालं की फोर्कचा कोन आणि ट्रेल (हँडल वळण्याच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) बदलतो, गाडी हँडलला चंचल होते आणि वळणात पायदान लवकर टेकतं. फोटोत उत्तम दिसते, हे मान्य.

नोंदणी आणि विम्याच्या दृष्टीने चाकाचा प्रकार बदलणं कुठे 'बदल' धरलं जातं, कुठे नाही. हात घालण्याआधी विचारून घ्या.

उलट केलं तर? १९७८ ची अ‍ॅलॉयवाली गाडी स्पोकवर आणली तर जुनाट देखणी दिसेल.

दिसेल. आणि तांत्रिकदृष्ट्या हे जास्त सुरक्षित वळण आहे, कारण बहुतेक वेळा आधीच्या सालचं स्पोकचं हब त्याच फोर्कमध्ये बसतं. मूळ ओतीव चाक तडकलेलं असेल आणि तसं दुसरं शाबूत मिळत नसेल, तर मीही हेच करेन. पण चांगली शाबूत चाकं काढून हे करू नका. काही वर्षांपूर्वीपर्यंत १९७० च्या दशकातल्या ओतीव चाकांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती भंगारात गेली. आज त्या काळच्या गाडीची ओळख तीच आहेत. कॉमस्टार कुणाला कुरूप वाटतात, मला त्या गाड्यांवर तीच शोभतात.

स्पोकवर अ‍ॅल्युमिनियमची गोल झाकणं लावून सलग चाकाचा देखावा?

१९२० च्या दशकात ही फॅशन होती, त्यामुळे त्या काळच्या गाडीवर ऐतिहासिक आधार आहे. मागच्या चाकाला लावा. पुढच्या चाकाला लावलं तर आडव्या वाऱ्याचा झोत थेट हँडल फिरवतो, पुलावर किंवा मोठ्या ट्रकच्या बाजूने जाताना ते नको. झाकणाखाली स्पोक दिसत नाहीत, म्हणजे तपासलेही जात नाहीत, हा दुसरा तोटा.

पावडर कोटिंग करावं का?

पोलादी रिम, पोलादी हब, खुशाल. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला विचार करून. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्की करतात, आणि काही मिश्रधातूंना दिलेला कडकपणा त्याहून कमी तापमानाला घडवलेला असतो. कमी तापमानाची पावडर मागा, किंवा सरळ चांगला द्रवरूप रंग मारा. बेअरिंगच्या बैठका, डिस्कची बैठक आणि अ‍ॅक्सलला लागणारे पृष्ठभाग झाकूनच काम करायला सांगा. तिथे पावडरचा थर बसला की बोल्ट आवळलेला वाटतो, थर दबतो आणि बोल्ट सैल होतो.

साइडकार आहे. काही वेगळं?

हो. साइडकारची गाडी वळणात कलत नाही, त्यामुळे चाकाला बाजूने जबरदस्त ओढ बसते आणि नेहमीचे स्पोक लवकर थकतात. जाड स्पोक, शक्यतो रुंद हब, आणि स्पोकची तपासणी नेहमीच्या दुपटीने. काही जण साइडकारला मोटारीसारखी पत्र्याची किंवा ओतीव चाकं लावतात, त्यामागचं कारण हेच.

पुढे स्पोक, मागे अ‍ॅलॉय चालेल?

चालतं. दिसायला मला पटत नाही, बाकी हरकत नाही.

साफ ठेवायला सोपं कुठलं?

ओतीव. स्पोकचं चाक नीट पुसायला बसलात तर दुपार जाते. पण प्रत्येक स्पोक हाताखालून जातो आणि ढिला कुठला ते आपोआप सापडतं.

मूळ चाकं काढून ठेवलीत. विकू का?

विकू नका, गाडी विकाल तेव्हा सोबत द्या. ठेवताना टायर उतरवा, कारण जुनं रबर ओल धरून रिम आतून खातं. बेअरिंगला ग्रीस भरा, पोलादी रिमच्या आतल्या बाजूला तेलाचा हात फिरवा. चाकं एकमेकांवर रचायची असतील तर मध्ये जाड पुठ्ठा घाला. अ‍ॅक्सल, स्पेसर आणि स्पीडोमीटरचा गिअर एका पिशवीत घालून ती पिशवी हबलाच बांधून टाका.